स्प्लिट प्लॉटच्या अनोव्हात माझे सात आठवडे कुठे गेले

कृषिविद्या विषयातील माझ्या एम.एस्सी.च्या प्रबंधाचे सांख्यिकी विश्लेषण तपासणीच्या टेबलावरून तीनदा परत आले. पहिल्या दोन वेळा त्यावर लाल शाईने एकच वाक्य लिहिलेले होते: "एरर टर्म तपासावी." कोणत्या तक्त्यातली, कशासाठी, याचा खुलासा नव्हता, आणि विचारायला गेलो तेव्हा "शेरा दिला आहे, तो वाचा" यापलीकडे उत्तर मिळाले नाही. त्या तीन शब्दांचा अर्थ शोधण्यात माझे सात आठवडे गेले. तेथे कोणी पाच मिनिटे बसून समजावले असते, तर ते वाचले असते, याचा राग मला आजही आहे.

प्रयोग रब्बी ज्वारीवरचा होता. एक, दोन आणि तीन पाणी असे पाण्याचे तीन स्तर आणि हेक्टरी ०, ४०, ८० व १२० किलो असे नत्राचे चार स्तर घेतले होते. त्यांच्या बारा जोड्या तीन पुनरावृत्त्यांमध्ये लावल्याने एकूण ३६ वाफे झाले. पेरणीपासून मळणीपर्यंतचे काम सुरळीत पार पडले.

दोन घटकांचा प्रयोग म्हणजे फॅक्टोरियल आर.बी.डी. (प्रत्येक पुनरावृत्तीत सर्व जोड्या चिठ्ठीने थेट वाफ्यांवर टाकायची मांडणी), अशी माझी पक्की समजूत होती आणि प्रचरण विश्लेषण, म्हणजे आम्ही ज्याला सरसकट अनोव्हा म्हणतो ते, मी त्याच पद्धतीने केले. एकूण ३५ डीएफपैकी (स्वातंत्र्यमात्रा, म्हणजे स्वतंत्रपणे बदलू शकणाऱ्या मूल्यांची संख्या) पुनरावृत्तीला २, पाण्याला २, नत्राला ३, आंतरक्रियेला, म्हणजे एका घटकाचा परिणाम दुसऱ्याच्या स्तराप्रमाणे बदलण्याला, ६ आणि उरलेले २२ एररला, म्हणजे या कारणांनी न उलगडणाऱ्या फरकाला, गेले. पाण्याचे एफ मूल्य, म्हणजे पाण्यामुळे पडलेला फरक भागिले एररचा फरक, १२.८ आले, एफच्या छापील तक्त्यातले मूल्य ३.४४ असल्याने पाण्याचा परिणाम निःसंशय लक्षणीय ठरला. आंतरक्रियेचे एफ मात्र १.८३ होते आणि ते २.५५ च्या खाली असल्यामुळे मी "आंतरक्रिया लक्षणीय नाही" असे लिहून मोकळा झालो. पाण्याच्या परिणामावर मी सहा पाने लिहिली होती, हे येथे सांगितले पाहिजे.

शेरा पहिल्यांदा आला तेव्हा मला वाटले की बेरीज चुकली असेल. म्हणून मी सगळ्या नोंदी वजनाच्या वहीशी पुन्हा ताडून पाहिल्या, करेक्शन फॅक्टर हाताने काढला, वर्गांच्या बेरजा दोनदा केल्या. सगळे बरोबर होते, म्हणून तोच तक्ता स्वच्छ टंकून पुन्हा दिला आणि तोच शेरा पुन्हा आला. यात तीन आठवडे संपले. नंतर मी संगणकावरच्या नेहमीच्या तक्तापत्रकातील दोन घटकांच्या अनोव्हाचा पर्याय वापरून पाहिला. तेथे एररचे डीएफ २४ आले, कारण त्या पर्यायात पुनरावृत्तीला वेगळी ओळच नसते. आता माझ्याकडे दोन उत्तरे झाली आणि दोन्ही चुकीची होती. हे दिवस फार निराशेचे होते. मार्गदर्शक सर दौऱ्यावर होते आणि सादरीकरणाची मुदत जवळ येत होती.

उलगडा झाला तो प्रक्षेत्रावर. आमच्या प्रयोगाला पाणी देणाऱ्या काकांकडे आराखड्याची जुनी प्रत मागितली, तेव्हा मी सहज विचारले की पाणी प्रत्येक वाफ्याला वेगवेगळे का दिले नव्हते. काका म्हणाले, "अहो, एवढ्याशा वाफ्याला वेगळं पाणी कसं देणार? शेजारच्यात पाझरतंच की. म्हणून तर मोठे पट्टे पाडले होते." मी आराखड्याकडे पाहत राहिलो. प्रत्येक पुनरावृत्तीत तीन मोठे पट्टे होते, पाण्याची चिठ्ठी त्या पट्ट्यांसाठी टाकली होती, आणि नत्राची चिठ्ठी प्रत्येक पट्ट्याच्या आतील चार वाफ्यांसाठी वेगळी टाकली होती. म्हणजे पाण्याच्या दृष्टीने माझ्याकडे ३६ नव्हे, फक्त नऊ एकके होती. हा स्प्लिट प्लॉट, म्हणजे एक घटक मोठ्या पट्ट्यांना आणि दुसरा त्यांच्या आतील वाफ्यांना देण्याची मांडणी, होता आणि मी स्वतः चिठ्ठ्या टाकूनही ते विसरलो होतो.

स्प्लिट प्लॉटमध्ये एरर दोन असतात. एकाच पट्ट्यातले वाफे एकमेकांसारखे असतात आणि पट्ट्यापट्ट्यांतला फरक सहसा त्याहून मोठा असतो. म्हणून पाण्याची तुलना पट्ट्यांच्या एररशी, आणि नत्राची व आंतरक्रियेची तुलना वाफ्यांच्या एररशी करावी लागते. माझे २२ डीएफ ४ आणि १८ असे विभागले गेले. पहिल्या एररचा सरासरी वर्ग (वर्गांची बेरीज भागिले डीएफ) ९.० आणि दुसऱ्याचा २.० निघाला. पाण्याचा ४२ हा सरासरी वर्ग ९ ने भागला तेव्हा एफ ४.६७ आले, आणि २ व ४ डीएफला लागणारे मूल्य ६.९४ आहे. माझी सहा पाने त्या क्षणी निकामी झाली. पण आंतरक्रियेचा ६ हा सरासरी वर्ग २ ने भागल्यावर एफ ३.० झाले आणि ते २.६६ च्या वर गेले. प्रयोगातली खरी गोष्ट तेथे दडली होती: एकच पाणी असेल तर ४० किलोच्या पुढे नत्र देऊन उत्पादनात लक्षणीय वाढ होत नव्हती, तीन पाणी मिळाले तर ८० किलोपर्यंत होत होती. शेतकऱ्याला उपयोगी पडणारी ही बाब मी चुकीच्या एररमुळे पुसून टाकणार होतो.

नंतर वाचताना कळले की सांख्यिकीतज्ज्ञ फिशर यांनी १९२३ मध्ये मॅकेन्झी यांच्यासह इंग्लंडमधील रोथॅमस्टेड या कृषी संशोधन केंद्रातील बटाट्याच्या वाणांचे आणि खतांचे विश्लेषण केले, तेव्हा सर्व तुलनांना एकच एरर वापरली होती. १९२५ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी तशा मांडणीसाठी दोन एरर वेगळ्या दाखवल्या. हे वाचून मला मोठा दिलासा मिळाला.

तिसऱ्या वेळी कागद परत आला तो सी.डी.साठी, म्हणजे दोन सरासरींमधला फरक लक्षणीय ठरायला लागणाऱ्या किमान फरकासाठी. मी सर्व तुलनांना २.४३ क्विंटल हीच सी.डी. लावली होती. ती एकाच पाण्यातल्या दोन नत्रमात्रांसाठी योग्य आहे. एकाच नत्रमात्रेवर दोन पाण्यांची तुलना करायची तर दोन्ही एरर मिसळतात, टीचे (टी-तक्त्यातले) मूल्यही दोहोंच्या भाराने काढावे लागते, आणि माझ्या बाबतीत ती सी.डी. ३.९६ झाली. सूत्र पानसे आणि सुखात्मे यांच्या कृषी सांख्यिकीच्या पुस्तकात सापडले. पहिल्याच दिवशी ते उघडायला हवे होते.

मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न पाण्याच्या एररला ४ च डीएफ कसे, असा विचारला. मी आराखडा उलगडून नऊ पट्टे मोजून दाखवले. तो कागद प्रबंधात जोडाच आणि विश्लेषणाला बसण्यापूर्वी कोणती चिठ्ठी कशासाठी टाकली, हे त्यावर लिहून ठेवा.

आणखी एक सांगायचे राहिले. 'आर' या सांख्यिकी संगणकप्रणालीत विश्लेषण करत असाल तर नत्राच्या ०, ४०, ८०, १२० या नोंदी गट म्हणून घोषित करा. तसे न केल्यास संगणक त्यांना साध्या संख्या समजतो आणि नत्राला ३ ऐवजी १ डीएफ देतो. पुनरावृत्तीच्या १, २, ३ या क्रमांकांचेही तसेच होते. तक्ता हाती आला की एफ पाहण्याआधी डीएफचा रकाना आराखड्याशी ताडून पाहा.