दादा गेल्यापासूनचे भयपट

सातारा, पितृपंधरवडा. रात्री उशिरा.

या दिवसांत भुताखेताचं काही बघू नये, असं आत्या सकाळीच बजावून गेली. मी मात्र दादा गेल्यापासून तेच बघतेय. बाकीच्या सिनेमांत माणूस मरतो आणि पुढच्या प्रसंगात सगळे कामाला लागतात. ते मला बघवत नाही.

आज रीमा कागतीचा ‘तलाश’ (२०१२) पुन्हा लावला. इन्स्पेक्टर सुरजनचा मुलगा बुडून गेलाय. आपण त्याला अडवलं असतं तर, सोबत गेलो असतो तर, असा तो दिवस सुरजन मनात पुन्हा पुन्हा वेगळा घडवून बघतो. बायको रोशनी शेजारणीच्या मार्फत मुलाशी बोलते, तिला त्यानं बरं वाटतं आणि हा भडकतो. एकाच घरातली दोन दुःखं, पण एकाला दुसऱ्याचं सोसत नाही. आमच्याकडे आई म्हणते, दादा स्वप्नात येऊन काहीतरी मागतो. विषय निघाला की बाबा उठून अंगणात जातात.

संगम माहुलीचा दहावा आठवला. कृष्णा-वेण्णेच्या घाटावर पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. समोर झाडावर बसलेले, पण एकही खाली येईना. काका म्हणाले, पोरीच्या शिक्षणाचं आम्ही बघतो. मामा म्हणाले, घराचं कर्ज फेडू. तरी नाही. शेवटी बाबा पुढे झाले, हात जोडले आणि म्हणाले, “माझा तुझ्यावर राग नाही रे.” त्या दोघांत बोलणं बंद होतं, हे भावकीला तेव्हा कळलं. मग कावळा आला. मी शाळेत विज्ञान शिकवते; कावळा भुकेनं उतरला हे मला समजतं. पण ते वाक्य बाबांच्या तोंडून दुसरीकडे कुठेच निघालं नसतं. भुताच्या ज्या सिनेमांत मेलेल्याशी असं बोलायला जागा असते, तेच मला जवळचे वाटतात. नुसते दचकवणारे नकोत. त्यांतलं भूत कुणाचंच कुणी नसतं.

जेनिफर केंटचा ‘द बाबाडूक’ (२०१४) तर मी कितीदा बघितला असेल. अमेलियाला बाळंतपणासाठी दवाखान्यात नेताना नवरा अपघातात जातो. मुलाचा जन्म त्याच दिवशीचा, म्हणून त्या तारखेला वाढदिवस कधीच नाही. नवऱ्याच्या वस्तू तळघरात, कुलपात. मग मुलाच्या गोष्टीच्या पुस्तकातला तो काळ्या कोटाचा बाबाडूक घरात शिरतो. मला त्या कोटापेक्षा कुलपाची भीती वाटते. शेवटीही तो जात नाही. अमेलिया त्याला तळघरात गांडुळं नेऊन देते, आणि मुलाचा वाढदिवस पहिल्यांदा त्याच्या खऱ्या तारखेला होतो.

दादाच्या लेकीचा वाढदिवस दिवाळीच्या तोंडावर येतो. यंदा करायचा नाही, असं घरात न बोलताच ठरलंय. उद्या वहिनीला विचारणार आहे, आणि केकही मीच सांगणार आहे.