ऑलिम्पिकचं मैदान, साध्या तिकिटात

लंडनला आलात तर २०१२ चं ऑलिम्पिक जिथं झालं ते मैदान बघायला टॅक्सी करू नका. कॅनरी व्हार्फहून स्ट्रॅटफर्डकडं जाणारी डीएलआर, म्हणजे डॉकलँड्स लाइट रेल्वेची गाडी धरा आणि अगदी पुढच्या सीटवर बसा. या गाडीला चालकाची केबिन नसते, समोर नुसती काच. बो चर्चनंतर पुडिंग मिल लेन स्टेशन येतं. उतरलं की स्टेडियम समोरच.

माझे मामा बीडच्या आष्टी तालुक्यात पीटीचे सर होते. उन्हाळ्यात ते आले तेव्हा राजवाड्याआधी हे मैदान बघायचं म्हणाले. स्टेशनजवळच्या ग्रीनवे नावाच्या उंच पायवाटेवर आम्ही चढलो. तिच्या पोटातून लंडनचं सांडपाणी जातं. एकोणिसाव्या शतकात इंजिनिअर बॅझलगेट यांनी बांधलेली ती वाहिनी आहे. भोवतीचा परिसर एकेकाळी कारखान्यांचा. खेळांसाठी इथली दूषित माती धुऊन घेतली, विजेचे ५२ मनोरे पाडून तारा जमिनीखालून नेल्या. अनिश कपूर आणि सेसिल बालमंड यांचा लाल लोखंडी ऑर्बिट मनोरा ११४.५ मीटर उंच आहे, पण मामांनी त्याच्याकडं फारसं पाहिलं नाही. ते बोलत होते केनियाचा धावपटू डेव्हिड रुडिशाबद्दल. पुढं पळून वेग लावून देणारा कुणी नसताना त्यानं इथं ८०० मीटर १ मिनिट ४०.९१ सेकंदात मारले. विश्वविक्रम!

मला मात्र सगळ्यात मोलाची वाटते ती इथं पोचायची सोय. ऑलिम्पिकच्या वेळी प्रेक्षकांच्या गाड्यांसाठी पार्किंगच ठेवलं नव्हतं, अपंगांची सोय तेवढी सोडून. सामन्याच्या तिकिटासोबत त्या दिवसाचा लंडनमधला प्रवासाचा पास मिळायचा.

हे मामांना सांगितलं तर ते थांबले. "आपला धावपटू अविनाश साबळे आष्टीतल्याच मांडव्याचा. शाळेला जायला गाडी नव्हती, म्हणून पळत जायचा लेकरू," म्हणाले. सहा किलोमीटर. त्याच पायांनी २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीचं रौप्य आणलं, सुवर्ण फक्त ०.०५ सेकंदानं हुकलं. त्याच्या कष्टांचा मला अभिमान आहे. पण गाडी नव्हती हे चांगलं झालं, असं कुणी म्हटलं की राग येतो. वाडीवस्तीवरच्या किती पोरी नुसत्या एसटीअभावी तालुक्याच्या मैदानापर्यंत पोचत नाहीत, हे मामांनी नोकरीभर पाहिलंय. जिल्ह्याला सिंथेटिक ट्रॅक मागताना पहाटेची एक बसही मागा, असं त्यांचं म्हणणं आहे. माझंही तेच.

आता कामाचं. पार्कात फिरायला पैसे पडत नाहीत, स्टेडियमला बाहेरून फेरीही मारता येते. आत जायला मात्र टूरचं तिकीट लागतं. २०१६ पासून तिथं वेस्ट हॅम क्लबचं फुटबॉल चालतं आणि हंगामात खुर्च्या पुढं ओढून धावपट्टी झाकतात. ट्रॅक बघायचा असेल तर उन्हाळ्यात ॲथलेटिक्सची स्पर्धा असेल तेव्हा या. शेजारच्या ऑलिम्पिक तलावात तिकीट काढून कुणालाही पोहता येतं, तेव्हा पोहायचे कपडे पिशवीत टाका.