तुम्ही विचारलंत म्हणून: मंदीत मनोलो कसे काय घेतलेस?

गणपतीला घरी आलेल्या बायका आरतीनंतर दाराशी आपापल्या चपला शोधायला लागल्या की कुणाची तरी नजर आमच्या शू रॅकवर जातेच. मग, अगं हे मनोलो ना, आणि ते लाल सोलवाले लूबूटाँ (दोन्ही महागडे डिझायनर शूज), हे सगळं २००८-०९ मधलं म्हणतेस, तेव्हा तर तुझ्या नवऱ्याचा जॉब गेला होता ना, मग कसं काय? यंदा तर एका मैत्रिणीच्या लेकीने सरळच विचारलं, मावशी, पुन्हा मंदी आली तर मला पण मिळतील का? तर एकदाच सांगून टाकते.

तेव्हा आम्ही न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीत राहायचो, ऑफिस नदीपलीकडे न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये, रोज पाथ ट्रेनने वर्ल्ड ट्रेड सेंटरला उतरायचं. १५ सप्टेंबर २००८ ला लेहमन ही मोठी बँक बुडाली आणि पुढच्या दोन महिन्यांत नवऱ्याचं काँट्रॅक्ट संपलं, व्हिसाचं टेन्शन, घरभाडं, ते सगळं तुम्हाला माहितीये, उगाळत नाही. माझा पगार चालू होता एवढंच. आणि अशात, थँक्सगिव्हिंगच्याही, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या सणाच्याही आधी, ऑफिसातली एक जण धावत आली की सॅक्स फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूमध्ये डिझायनर माल ७० टक्के ऑफ. मी म्हटलं काहीतरीच काय, एवढ्या श्रीमंती दुकानात तर आम्ही नुसत्या ख्रिसमसच्या सजवलेल्या खिडक्या बघायला जातो. त्यांचा आठवा मजला अख्खा शूजचा, त्याला स्वतःचा झिप कोड (आपला पिन कोड) घेतलेला, १००२२-शू, एवढा माज!

गेले. त्या मखमली सोफ्यांवर डब्यांचे ढीग, टिश्यू पेपर सगळीकडे, जोडातला एक शू इथे तर दुसरा तिसऱ्याच बाईच्या मांडीवर, आणि एरवी कुजबुजत बोलणारे सेल्समन चक्क ओरडत होते. दादरला दिवाळीच्या आदल्या दिवशी असतं ना, तसंच, फक्त सगळ्यांच्या अंगावर काळे कोट. मला काळे मनोलो मिळाले, ५९५ चे १७८ डॉलर पन्नास सेंट. आईला फोनवर सांगितलं तर तिने लगेच पन्नासने गुणलं, नऊ हजाराची चप्पल, आणि जावई घरी बसलेत. त्यानंतर मी तिला किमती सांगणं बंद केलं.

आता हे झालं कसं, तर आपल्याकडे कांद्याचं होतं तेच. भाव बघून लागवड करायची आणि माल बाजारात येईपर्यंत भाव गडगडलेला. थंडीतले शूज ही दुकानं फेब्रुवारी-मार्चमध्येच ऑर्डर करतात, तेव्हा लेहमन उभी होती, बोनस मिळत होते. इटलीतून माल येऊन पडला आणि गिऱ्हाईक गायब. फॅशनचा माल कांद्यासारखाच सडतो, फक्त वास येत नाही. आणि पुढच्या वर्षी काय, ज्याने मार खाल्ला तो लागवड कमी करतो. २००९ च्या नोव्हेंबरात मी मोठ्या आशेने गेले तर शेल्फ अर्धे रिकामे आणि ऑफही बेताचा, कारण मालच कमी मागवलेला. म्हणजे मंदी दीड-दोन वर्षं चालली तरी खरी लूट एका सीझनची. हे मला तेव्हा कळलं असतं तर पहिल्याच वर्षी दोन जोड जास्त घेतले असते, नाही, नसते घेतले, पैसे कुठे होते.

बाकीचे बरेचसे सेंच्युरी २१ या दुकानातले. पाथ स्टेशनच्या समोरच, लंच टाइमला पळत जायचं. तिथे डिझायनर माल बाराही महिने उतरलेल्या भावात, पण साइज मात्र टोकाचे उरतात, ३५-३६ नाहीतर ४१. मधले आधीच उडालेले. माझा ३७, आणि हा नशिबाचा भाग, कारण सँपल बहुतेक ३७ मध्येच बनवतात, म्हणून मला कधीतरी सँपल सेलमध्येही, म्हणजे असे नमुन्याचे जोड विकायला काढतात तिथेही, लॉटरी लागायची. एक मात्र करायचे, काउंटरवर जायच्या आधी दोन्ही शूजच्या आतला आकडा वाचायचे, एक ३७ आणि एक साडेसदतीस अशी भलतीच लग्नं तिथे सर्रास लागलेली असायची. आणि शूज शक्यतो संध्याकाळीच घालून बघायचे, दिवसभर उभं राहून पाय फुगतो, सकाळी बसलेला शू संध्याकाळी चावतो. पोर्ट ऑथॉरिटी बसस्थानकावरून बस पकडून वुडबरी कॉमनलाही, म्हणजे ब्रँडांच्या सवलतीच्या दुकानांच्या (आउटलेटच्या) बाजारात, दोनदा गेले, पण आउटलेटमधला बराचसा माल आउटलेटसाठीच वेगळा बनवलेला असतो, मोठ्या दुकानातून उतरून आलेला नव्हे, हे मला लेदर हाताला लागल्यावर कळलं. तिथून सॉक्स घेऊन परत आले.

खरा विषय कन्साइनमेंटच्या दुकानांचा आहे. मॅनहॅटनच्या मॅडिसन रस्त्यावर ही दुकानं होती, बायका आपल्या वस्तू आणून ठेवतात, विकलं गेलं की पैसे दुकान आणि बाई वाटून घेतात. २००९ च्या जानेवारीत तिथे शूजची रांगच लागलेली. ते लाल सोलवाले तिथले, दीडशे डॉलर. सोलवर जेमतेम एक संध्याकाळ चालल्याचे ओरखडे, आणि उजव्या टाचेच्या आत चिकटलेली अर्धी बँडएड. दुकानवालीने काढली नव्हती. मी घरी येऊन नखाने खरवडून काढली आणि उगाचच वाटलं, हिच्या घरातही कुणाचंतरी काँट्रॅक्ट संपलं असेल. ती बँडएड मला त्या मनोलोच्या पावतीपेक्षा जास्त आठवते. नवरा म्हणाला, शूज छान आहेत, ते घालून मीच जातो इंटरव्ह्यूला. आठ महिन्यांनी मिळाली त्याला नोकरी, शूजचा काही संबंध नाही.

आणखी एक, कोरा लेदर सोल घेऊन न्यूयॉर्कच्या पावसात सबवेच्या जिन्यांवर जाऊ नका, घसराल. घेतला की पहिलं मोच्याकडे, पुढच्या भागाला पातळ रबर लावून घ्यायचं, टाचेची टोपी घासली की लगेच बदलायची. माझे जोड सतरा वर्षं टिकलेत ते यामुळे, ब्रँडमुळे नाही. आणि शूजना न्यू जर्सीत सेल्स टॅक्स नाही हे तुम्हाला माहीतच आहे, न्यूयॉर्कला खरेदीसाठी नदी ओलांडायच्या आधी हिशेब करा.

तर पोरी, मिळतील का, सांगता येत नाही. अशीच सवलतीची दुकानं, फिलीन्स बेसमेंट बंद झालं, लोमन्स बंद झालं, सेंच्युरी २१ सुद्धा २०२० मध्ये बुडालं आणि २०२३ मध्ये परत उघडलं. कांदा किती लावलाय ते आधी बघ.

आणि हो, रॅकच्या वरच्या खणात एक डबा तसाच आहे, करड्या स्वेडचा. ८० टक्के ऑफ, फायनल सेल, साइज ३६. ताणून होतील सैल असं मनाला समजावून घेतले, मोच्याने दोनदा साच्यावर चढवून ठेवले, त्यालाच माझी दया आली. एकदाही घातलेले नाहीत. जिचा पाय ३६ असेल तिने पुढच्या गणपतीला येऊन घेऊन जावेत, परत मात्र घेणार नाही.