बेसमेंटमधला प्राणायाम

दिवाळीला आई-बाबा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आले. त्यांच्यासाठी आम्ही बेसमेंट नीट करून घेतलं होतं. बाबा पहाटे पाचला उठून तिथेच चटई टाकतात आणि तासभर प्राणायाम करतात. शेजारणीला हे सहज सांगितलं, तर तिने लगेच विचारलं, "खालचा रेडॉन तपासलाय ना?"

नव्हता तपासला. आम्ही राहतो एक्स्टनला, फिलाडेल्फियाच्या उपनगरात. रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू आमच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या सुमारे 40 टक्के घरांत धोक्याच्या पातळीवर आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं. 1984 साली इथून जवळच्या लिमरिक अणुवीज केंद्रात स्टॅन्ली वॉट्रस नावाच्या इंजिनिअरला पाहून किरणोत्सर्गाचे अलार्म वाजायचे, तेही तो कामावर येताना! दोष त्याच्या घरातल्या हवेतल्या रेडॉनचा निघाला. जमिनीतल्या युरेनियमपासून तयार होणारा हा वायू. ना रंग, ना वास. हिवाळ्यात घरातली गरम हवा वर चढते आणि फरशीच्या भेगांतून तो आत ओढला जातो. अमेरिकेत धूम्रपानाखालोखाल फुप्फुसाचा कॅन्सर होतो तो यामुळे. बाबांनी आयुष्यात कधी विडीला हात लावलेला नाही.

दुकानातून तपासणीची डबी आणली, आत हवेतला रेडॉन शोषून घेणारा कोळसा. बारा तास आधीपासून सगळी दारं-खिडक्या बंद, मग डबी उघडून पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवायची, दोन ते चार दिवस. दुसऱ्या दिवशी पहाटे खाली गेले तर बाबा चटईवर आणि वरची छोटी खिडकी सताड उघडी.
"अगं, कोंदट हवेत श्वास कसा घ्यायचा?"
त्यांचं बरोबरच होतं. पण डबी वाया गेली. तीन दिवस त्यांची चटई वर हॉलमध्ये हलवली आणि नवी डबी लावली. ती बंद करून त्याच दिवशी प्रयोगशाळेच्या पत्त्यावर पोस्टात टाकली, कारण रेडॉन पावणेचार दिवसांत निम्मा होतो, पाकीट उशिरा पोचून चालत नाही.

आकडा आला लिटरभर हवेत 11.6 पिकोक्युरी, म्हणजे किरणोत्सर्गाचं माप. सरकार 4 किंवा त्याहून जास्त असेल तर उपाय करायला सांगतं. त्या रात्री आई-बाबांना आमच्या खोलीत झोपवलं. खात्रीसाठी लावलेली पुढची डबी 10.9 म्हणाली.

मग परवानाधारक माणूस बोलावला. त्याने फरशीला भोक पाडून खालची खडी मूठमूठ उपसली, तिथून पीव्हीसी पाइप बाहेरच्या भिंतीने छपराच्या वर नेला आणि मध्ये खालचा वायू ओढून बाहेर टाकणारा, चोवीस तास चालणारा पंखा बसवला. बेसमेंटखाली साचलेलं पाणी उपसणाऱ्या संप पंपाचा खड्डा झाकण लावून सील केला. एका दिवसाचं काम. पैसे लागले, पण एका विमानाच्या तिकिटाएवढेच.

पाइपवर यू आकाराची काचेसारखी नळी आहे, आत लाल द्रव. दोन्ही बाजू वरखाली असल्या की पंखा ओढतोय. सारख्या झाल्या की बंद पडलाय. बाबा रोज चटई टाकण्याआधी वाकून ती बघतात. नंतरच्या तपासणीत आकडा 1.1 आला.

माझ्या मैत्रिणीचे सासू-सासरे मे महिन्यात येताहेत, तेही बेसमेंटमध्येच राहणार आहेत. काल एक डबी तिच्याकडे देऊन आले. खिडकीचं आधीच सांगितलंय.