आबांनी अडवून धरलेली लिफ्ट

आमची खान्देश दर्शनाची सहल छोटी असते. दोन रात्री, तीन दिवस. पाटणादेवी, पारोळ्याचा किल्ला, अमळनेर, थाळनेरला तापीकाठच्या फारुकी सुलतानांच्या कबरी, मधे कुणाच्या तरी मळ्यात भरीत आणि कळण्याची भाकरी, शेवटच्या दिवशी बऱ्हाणपूर. 'बऱ्हाणपूर तर मध्य प्रदेशात, ते खान्देशात कसं?' हा प्रश्न पुण्याचे पाहुणे हमखास विचारतात. फारुकींच्या खान्देशची ती राजधानी होती; अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेतला आणि फारुकी संपले. राज्यांच्या सीमा त्यानंतर साडेतीनशे वर्षांनी आल्या.

त्या दिवशी गाडीत बँकेतून निवृत्त झालेली मंडळी होती. सावद्याच्या पुढे एका केळीच्या बागेत चहाला थांबलो. बागेचे मालक आबा, सत्तरीचे. "बऱ्हाणपूरच्या मंडीत काम आहे, सोडता का?" म्हणाले. ड्रायव्हरशेजारची सीट रिकामी होती, बसवून घेतलं.

बऱ्हाणपुरात शिरण्याआधी आमचा थांबा लालबागचा कुंडी भंडारा, म्हणजे मुघलांच्या काळातली जमिनीखालची पाणीयोजना. आबा उतरले नाहीत. मंडीसाठी या रस्त्याने जन्मभर ये-जा केलेला माणूस, पण इथे कधी पाय ठेवलेला नाही. ठेवणार कशाला? वरून दिसतात ती फक्त विहिरीच्या कठड्यांसारखी गोल तोंडं, ठराविक अंतराने एका रांगेत, शंभराहून जास्त.

मी नेहमीची माहिती सुरू केली. १६१५ च्या सुमाराचं काम, जहांगीराची राजवट, इथला सुभेदार अब्दुर्रहीम खानखानान, म्हणजे दोहे लिहिणारा रहीम. सातपुड्यात मुरलेलं पाणी जमिनीखालून तापीकडे जातं, ते वाटेत अडवून भुयारातून शहराला दिलं. मोटर नाही, रहाट नाही, नुसता उतार. एवढं ऐकलं आणि गाडीचं दार उघडलं.

"मले खाली जाऊ दे भाऊ."

भुयारात उतरायची लिफ्ट लहान, एका खेपेला मोजकीच माणसं. पाहुणे पाळीपाळीने जाऊन फोटो काढून वर आले. शेवटच्या खेपेला आबा गेले आणि लिफ्ट रिकामीच वर आली. लिफ्टवाला वैतागला, तेव्हा मी खाली उतरलो.

आबांनी पायजमा गुडघ्यावर गुंडाळला होता, मोबाइलची बॅटरी लावली होती आणि तळवा भिंतीवर टेकून उभे होते. तिथल्या भिंतींवर चुनखडीचा पांढरा थर चढलेला आहे, मेणबत्ती वितळावी तसा. त्या थरावरून पाण्याचा एक बारीक ओघळ येत होता. आबांनी बोट ओलं करून जिभेला लावलं, मग पाण्यात बॅटरी धरून ते कुठल्या बाजूला सरकतंय ते बघत राहिले.

"माझं बोर सहाशे फुटावर गेलंय," ते म्हणाले. "आन् हे अजून वाहतंय."

मी काही बोलणार तर तेच समजावू लागले. सातपुड्याच्या पायथ्याला गोटे आणि वाळूचे थर आहेत, पाऊस पडला की पाणी थेट आत. आपण त्या थरात उभं भोक पाडतो, यांनी आडवा चर मारलाय. उभ्या भोकाला मोटर लागते, आडव्याला उतार पुरतो. वरची तोंडं खोदताना माती काढायला, मग हवेला, गाळ उपसायला. हे सगळं त्यांनी नुसतं बघून ताडलं. माझ्या वहीतली चार पानं त्या माणसाने दोन मिनिटांत सांगितली, तीही जास्त नीट.

वर आल्यावर त्यांनी हेच पाहुण्यांना ऐकवलं, काठीने मातीत रेघा ओढून. मग दोघा-तिघांना पुन्हा खाली जायचं झालं. लिफ्टवाल्याला चहा पाजावा लागला.

यात दीड तास गेला. शाही किल्ल्यातला हमाम, त्याची रंगीत छतं, हुकलीच. आहुखान्यात, म्हणजे मुघलांच्या जुन्या मृगबागेत पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मुमताज १७ जून १६३१ रोजी बऱ्हाणपुरातच गेली आणि आग्र्याला नेईपर्यंत सुमारे सहा महिने तिचं दफन या बाजूला होतं. एक ताई खास यासाठीच आल्या होत्या आणि त्यांना जेमतेम दहा मिनिटं मिळाली. अभिप्रायाच्या कागदावर त्यांनी ते स्वच्छ लिहिलं. त्यांचं बरोबरच होतं, पैसे मोजले होते त्यांनी. पण खरं सांगू का, बऱ्हाणपूर नुसतं मुमताजच्या नावावर खपवणं मला पटत नाही. ताजमहाल आग्र्याला आहे. २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत नाव आलं ते याच भंडाऱ्याचं.

मंडी तोवर बंद झाली होती. आबांनी त्याचं काही मनावर घेतलं नाही. सगळ्यांना मावा जिलबी खिलवली, पैसे मला देऊ दिले नाहीत आणि परतीच्या वाटेवर बागेपाशी उतरून गेले.

आठवड्याने त्यांचा फोन. गल्लीतले बाराजण तयार आहेत, सगळे केळीवाले. मुमताज नको, किल्ला नको, फक्त भंडारा दाखवायचा. भाडं किती घेशील? ऑफिसच्या दरपत्रकात अशी सहल बसत नव्हती. मी डिझेल आणि ड्रायव्हरचा भत्ता जोडून आकडा सांगितला. आबांनी त्यातले पाचशे कमी करून घेतले.