पैसेवाल्याला चिठ्ठी, गरिबाला मिथेनॉल

काचेमागे व्हिस्कीचं प्रिस्क्रिप्शन होतं. छापील सरकारी फॉर्म, खाली डॉक्टरची सही. शिकागोतल्या दारूबंदीवरच्या त्या प्रदर्शनात माझ्या शेजारी उभी असलेली शाळकरी मुलगी आईला म्हणाली, "म्हणजे डॉक्टरकडे जायला पैसे असले की चालत होतं?"

संध्याकाळपासून तेच डोक्यात घोळतंय.

अमेरिकेत जानेवारी 1920 ते डिसेंबर 1933 देशभर दारूबंदी होती. ती मागणाऱ्यांत नवऱ्याच्या दारूने पिचलेल्या बायका होत्या. त्यांचं दुःख खरं होतं. पण गुन्हा होता बनवणं, विकणं, वाहून नेणं. पिणं नव्हे! ज्यांनी आधीच तळघरं भरून ठेवली, ते घरी निवांत पीत राहिले. डॉक्टरच्या चिठ्ठीवर दहा दिवसांना एक पाइंट, म्हणजे जेमतेम अर्धा लिटर दारू मिळायची.

आणि ज्यांना तीही परवडत नव्हती? कारखान्यांच्या अल्कोहोलमध्ये सरकारी नियमानुसार मिथेनॉल हे विषारी रसायन मिसळलं जायचं, कुणी पिऊ नये म्हणून. तरी ते चोरून विकलं जायचं. माणसं आंधळी झाली, मेली. न्यूयॉर्कचे मुख्य वैद्यकीय तपासनीस चार्ल्स नॉरिस जाहीरपणे सांगत होते की यात गरीबच मरताहेत. तरी 1927 मध्ये विषाचं प्रमाण वाढवलं गेलं. हे वाचून मला अक्षरशः संताप आला.

2015 मध्ये मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, तीही मिथेनॉलनेच. तीही बहुतेक हातावर पोट असलेली.

तिकडे अमेरिकेत मंदीत कराचा पैसा हवासा झाला आणि बंदी उठली. पण विषाने गेलेल्यांच्या बायकापोरांना कुणी काही उत्तर दिलं असेल का?