दाखला

फेब्रुवारीत लेकीचा अमेरिकेतून फोन आला. "आई, बाळाची वंशावळ करूया. दोन्ही घरांची." जावई इंडियाना राज्यातला, त्याचं घराणं क्वेकर, म्हणजे ख्रिश्चनांमधल्या एका पंथाचं. मला वाटलं, आपली बाजू आठवड्यात होईल आणि त्यांच्या बाजूला वर्ष लागेल. झालं उलटंच.

आमची कुलदेवी शांतादुर्गा, मूळ गाव गोव्यातलं केळशी. 1560च्या दशकात पोर्तुगीज साष्टीतली देवळं मोडायला लागले, तेव्हा देवी जुवारी नदी ओलांडून अंत्रुजात, म्हणजे फोंड्याच्या भागात, कवळ्याला आली. फोंडा तेव्हा आदिलशाहीत होता. तिच्या मागोमाग आमची माणसं आली, असं घरात सांगत आले आहेत. कोण आलं, किती जण आले, वाटेत कुणाकडे राहिले, हे सांगणारा कपटाही नाही. शेवटी मी आणि धाकटा दीर नाशिकला गेलो. तिथल्या उपाध्यांनी गाव आणि आडनाव विचारलं, आतून लाल कापडात बांधलेली वही आणली. मोडीत नोंद होती : शके 1741, फाल्गुन. ह्यांच्या खापरपणजोबांचं नाव, त्यांच्या तीन मुलांची नावं. निवृत्तीनंतर मोडी शिकले त्याचं त्या दिवशी चीज झालं. पण सुनांची नावं? एकही नाही. त्याच्या मागे जायला वाटच नव्हती.

आता विहीणबाईंनी पाठवलेले कागद बघा. त्यांच्या घराण्याचा पहिला पुरुष इंग्लंडमधल्या चेशायरचा. क्वेकर शपथ घेत नसत, चर्चचा दशमांश भरत नसत, म्हणून तिथे तुरुंग आणि जप्ती ठरलेली. 1681 मध्ये राजा दुसऱ्या चार्ल्सने विल्यम पेनला पेनसिल्व्हेनियाची सनद दिली. पेन स्वतः क्वेकर. पुढच्याच वर्षी तो तिकडे पोहोचला आणि त्याच सुमारास जहाजं भरभरून कुटुंबं निघाली. पण माणूस नुसता निघत नसे. तो ज्या मासिक सभेचा, म्हणजे क्वेकरांच्या स्थानिक मंडळाचा, सदस्य असेल, ती सभा आधी चौकशी करी : वागणूक बरी आहे ना, देणी फिटली ना, अविवाहित असेल तर कुणाला लग्नाचा शब्द दिलेला नाही ना. मग दाखला लिहून देई. नव्या गावची सभा तो दाखला वाचून वहीत उतरवून घेई. म्हणजे निघाल्याची नोंद इथे आणि पोहोचल्याची तिथे.

हे दाखले एकापुढे एक मांडले आणि घराणं चालताना दिसलं. पेनसिल्व्हेनियातली चेस्टर काउंटी, तिथून व्हर्जिनियातलं होपवेल, मग नॉर्थ कॅरोलिनातलं न्यू गार्डन, शेवटी इंडियानातलं व्हाइटवॉटर. बायकांची मासिक सभा वेगळी भरायची, तिची इतिवृत्तं वेगळी, त्यामुळे आया-आज्या माहेरच्या नावांसकट सापडल्या. मला त्यांचा हेवा वाटला, हे लिहायला हवंच.

एका ठिकाणी मात्र सगळे अडले होते. पेनसिल्व्हेनियातल्या एका पूर्वजाचं मृत्युपत्र 20 डिसेंबर 1729 चं, आणि सभेच्या वहीत तो गेल्याची तारीख '11वा महिना, 9, 1729'. विहीणबाईंच्या भावाने त्यावरून दोन वेगळी माणसं धरली होती, कारण नोव्हेंबरात गेलेला माणूस डिसेंबरात सही कशी करेल? मी रात्री दहा वाजता त्या कागदाकडे बघत बसले आणि नाशिकची वही आठवली. शके 1741 मध्ये 78 मिळवले तर 1819 येतं, पण महिना फाल्गुन म्हणजे 79 मिळवायचे, साल 1820. म्हटलं, ह्यांचंही वर्ष मार्चात सुरू होत असेल तर? होत होतं! 1752 पर्यंत इंग्लंडात आणि त्याच्या वसाहतींत नवं साल 25 मार्चला लागायचं. महिन्यांना रोमन देवांची नावं नकोत म्हणून क्वेकर नुसते आकडे लिहीत आणि मार्च त्यांचा पहिला महिना. म्हणजे अकरावा महिना जानेवारी, आणि आजच्या हिशेबाने साल 1730. मृत्युपत्रानंतर वीस दिवसांनी माणूस गेला. दोन नव्हे, एकच. मी तेव्हाच फोन लावला. तिकडे दुपार होती, जावई "आई, परत सांगा, हळू सांगा" म्हणत लिहून घेत होता.

त्याच माणसाच्या पश्चात शेजाऱ्यांनी केलेली मालमत्तेची यादी दुसऱ्या दिवशी आली. एक घोडी, दोन गायी, पितळी किटली, बायबल, आणि त्यांच्यामध्ये एका ओळीत 'एक निग्रो मुलगी', समोर पौंडांत किंमत. नाव नाही, वय नाही. किटलीला निदान 'जुनी' असं विशेषण होतं.

जावई फोनवर बराच वेळ बोलला नाही. गुलामगिरीविरुद्धचा लेखी निषेध 1688 मध्येच पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनच्या क्वेकरांकडून गेला होता, हे त्याला लहानपणापासून सांगितलेलं. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने सदस्यांना गुलाम ठेवायला बंदी केली ती 1776 मध्ये, मधली अठ्ठ्याऐंशी वर्षं त्याला कुणी सांगितली नव्हती. नॉर्थ कॅरोलिनात 1777 च्या कायद्याने गुलामांना मुक्त करणंच जवळपास अशक्य केलं. क्वेकरांनी सोडलेल्या माणसांना पकडून पुन्हा विकत. ओहायो नदीपलीकडच्या प्रदेशात 1787 पासून गुलामगिरीला मनाई होती, तिकडे जमीनही मिळत होती. जावयाचं घराणं गाड्या भरून इंडियानाला निघालं ते त्या ओढीने.

विहीणबाईंनी विचारलं, "ती ओळ बाळाच्या कागदावर घालायची का?" मी म्हटलं, घालायची. त्या घरात राहिलेली, राबलेली मुलगी आहे ती. आमच्या सुनांसारखी तीही नावाविना राहिली आहे, आणि तिला तर त्या घरात कुणी लग्न करून आणलेलं नव्हतं. त्यांनी तो मजकूर स्वतःच्या हाताने लिहून पाठवला आहे.

मे महिन्यात सगळे येत आहेत, विहीणबाईही. पहिल्यांदा कवळ्याला जाऊन ओटी भरावी असं ह्यांचं म्हणणं. मी म्हणते, आधी केळशीला, मग जुवारी ओलांडून कवळ्याला. देवी आली त्याच क्रमाने.